कपाशीवरची धूळ आणि साठ शिलाई मशीन

प्रश्न लांब होता. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी त्याचा सारांश देते. विचारणारी मुलगी वर्धा खोऱ्यातल्या एका खासगी, खुल्या कोळसा खाणीत आठ महिन्यांपासून सीएसआरचं, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाचं काम बघते. नागपुरातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर पदवी झालेली. गेल्या वर्षी कंपनीने लगतच्या गावात शाळेला बाकं दिली, आरओ बसवला, चार आरोग्य शिबिरं घेतली, बायकांना ६० शिलाई मशीन वाटली. तरी गेल्या महिन्यात गावाने दोन दिवस कोळशाची वाहतूक अडवली. आरओची फीत कापणारे सरपंचच सगळ्यांत पुढे बसले होते. खाण व्यवस्थापक आता विचारतात, एवढा पैसा मुरला कुठे? आणि तिचा प्रश्न असा की गावाचा विश्वास बसेल असा कोणता उपक्रम यंदा घ्यावा.

ताई, तुम्ही उपक्रम विचारलाय. पण तुमच्या प्रश्नात जाता जाता एक वाक्य येऊन गेलंय. रस्त्यावर बसलेल्या काही जणांनी पोत्यातून काळा पडलेला कापूस आणला होता आणि तो गेटसमोर ओतला, असं तुम्ही लिहिलंय. मी तिथेच थांबले. पुढचं सगळं उत्तर त्या पोत्यातच आहे.

माझी थोडी ओळख देते, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. २२ वर्षं मी हेच काम केलं. आधी चुनखडीच्या खाणीवर, मग कोळशात, चंद्रपूर आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत. कंपन्यांची नावं घेणार नाही, आणि ज्या चुका सांगणार आहे त्यातल्या बऱ्याच माझ्याच आहेत.

नोव्हेंबर-डिसेंबरात, खाणीच्या वाहतूक रस्त्याला लागून असलेल्या कपाशीत तुम्ही कधी पहाटे उभ्या राहिलात का? रात्रभर टिप्पर गेलेले असतात. दव पडतं तशी धूळ खाली बसते आणि उमललेल्या बोंडात रुतते. वेचणाऱ्या बाया ओटीत कापूस भरत पुढे सरकतात. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांत काळं भरतं, तोंडाला बांधलेला दुपट्टा नाकाच्या जागी काळा होतो. मजुरी किलोवर असते. तोच कापूस जिनिंगवर गेला की व्यापारी मूठभर हातात घेतो, जरा ताणून बघतो आणि फारसं न बोलता भाव पाडतो. सरकारी खरेदी केंद्रावर तर ती गाडी बाजूला लावायला सांगतात. रस्त्यापासून चार शेतं आत असलेल्या चुलत भावाचा कापूस, त्याच बियाण्याचा, पूर्ण भावात जातो.

आता या शेतकऱ्याच्या बायकोला तुम्ही शिलाई मशीन दिलं. तिने ते घेतलं. का नाही घेणार? पण तिच्या हिशेबी तुमच्याकडे बाकी आहे कापसाची, आणि तुम्ही जमा करताय भलत्याच खात्यात. वर त्या मशीनसोबत फोटो काढून घेतलात. सरपंच फीत कापायला आले याचाही अर्थ तेवढाच की त्यांना बोलावलं आणि ते आले. गावातल्या माणसाला एकाच वेळी दोन्ही करता येतं, पाहुणा म्हणून नारळ फोडणं आणि धनको म्हणून रस्त्यात बसणं. त्यात लबाडी काही नाही.

आपल्या धंद्यात घोळ होतो तो इथे. खाणीशी गावाचा जो पैशाचा संबंध येतो त्याच्या तीन वेगळ्या पिशव्या आहेत, आणि कंपनीतले बहुतेक लोक त्या एकत्र करून बोलतात.

पहिली पिशवी म्हणजे देणं. धूळ, विहिरी, ब्लास्टिंगचे हादरे, तुटलेला पाणंद रस्ता, जमिनीचा मोबदला. हे खाणीच्या खर्चातून भरायचं असतं, कारण ते कोळसा काढण्याच्याच खर्चाचा भाग आहे. दुसरी पिशवी जिल्हा खनिज प्रतिष्ठानची. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून प्रत्येक खाणीला रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम जिल्ह्यात भरावी लागते. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, त्यानंतर लिलावात घेतलेल्यांना १० टक्के. हा पैसा जिल्हा प्रशासनाच्या हाती असतो आणि खाणबाधित भागावरच खर्च व्हायचा असतो, पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण असल्या गोष्टींना अग्रक्रम देऊन. तिसरी पिशवी तुमची. कंपनी कायद्याचं कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के.

या तिसऱ्या पिशवीचा एक नियम तुमच्या साहेबांना छापून द्या. दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करणं कंपनीला भागच आहे ते सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हा हे स्पष्ट लिहिलं गेलं. मी एका ठिकाणी रुजू झाले तेव्हा रस्त्यावर पाणी मारणाऱ्या टँकरचं बिल सीएसआरच्या हिशेबात दिसलं. धूळ दाबणं ही पर्यावरण मंजुरीतली अट. ती पाळली म्हणून आपण गावावर उपकार केले असं वार्षिक अहवालात, रंगीत फोटोसह. मी ते काढायला लावलं, त्यावरून लेखा विभागाने वर्षभर माझ्याशी सरळ बोलणं सोडलं होतं.

टँकरचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. टँकर कंत्राटदाराचा असतो, बिल फेऱ्यांवर निघतं. वहीत आठ फेऱ्या असतात, गावाला दोन दिसतात. यावर मी फार डोकं लावलं नाही. फाट्यावरच्या चहाटपरीशेजारी एक फळा ठोकला. त्यावर टँकरच्या फेऱ्यांच्या वेळा लिहिल्या, खाली शिफ्टमधल्या अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर. टपरीवाला आणि तिथे बसणारी पोट्टी खडूने टिक करायची. पंधरा दिवसांत फेऱ्या वाढल्या. कंत्राटदाराने फळा दोनदा काढून नेला, आम्ही तिसऱ्यांदा लावला.

कापसाच्या बाबतीतही मार्ग असतो आणि तो फार महागाचा नसतो. वेचणीच्या दिवसांत रात्रीची वाहतूक शक्य तिथे दुसऱ्या रस्त्याने वळवायची. टिप्परवर ताडपत्री बांधल्याशिवाय काट्यावर वजन घ्यायचंच नाही. आणि जे नुकसान तरीही होईल त्याचा पंचनामा तलाठी, कृषी सहायक, कंपनीचा माणूस आणि शेतकरी अशा चौघांनी मिळून, कापूस झाडावर असतानाच करायचा. एकरी रक्कम ठरवून ती खाणीच्या खर्चात टाकायची. तुमच्या ६० मशीनच्या किमतीत रस्त्याकडेच्या किती शेतांची भरपाई झाली असती, हे एकदा कागदावर मांडून बघा. मला आकडा माहीत नाही, तुम्हाला तो काढता येईल. आणि तो घेऊन व्यवस्थापकांकडे जा.

आता माझी चूक. एका गावात पाण्याची ओरड होती. आम्ही आरओ बसवला, तुमच्यासारखाच, फीत वगैरे. सहा महिन्यांत वीजबिल थकलं, ग्रामपंचायत म्हणे कंपनीने भरावं, कंपनी म्हणे हस्तांतर झालंय. खोलीला कुलूप लागलं. पुढे त्यात कोणीतरी कडबा भरला. हे अपयश देखभालीचं, असं मी तेव्हा अहवालात लिहिलं. खरं कारण मला दीड वर्षाने एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं, तेही मी तिच्या ओट्यावर सहज बसले होते म्हणून. ती म्हणाली, "पिवाच्या पाण्याचं कोन बोल्लं, माय? आमच्या हिरीचं पानी गेलं. बैल काय तुह्या मशीनचं बाटलीनं पेईन?"

खुली खाण खोल जाते तसं आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी खाणीकडे उतरतं, आणि खाण ते उपसून बाहेर टाकते. विहिरी आटणं त्यातून येतं. किती अंतरापर्यंत, ते खडकावर, भेगांवर, पावसावर अवलंबून असतं, म्हणून सगळ्याच आटलेल्या विहिरींचा दोष खाणीचा असेल असं नाही. बोअरची गर्दीही कारण असू शकते. पण हे भांडण तोंडी कधीच मिटत नाही. ते मोजमापाने मिटतं, आणि मोजमाप कंपनीला तसंही करावं लागतंच. भूजल पातळी वर्षातून चार वेळा बघायची अट बहुतेक मंजुऱ्यांमध्ये असते. ते आकडे सल्लागार संस्थेच्या फायलीत जातात आणि दिल्ली-नागपूरला पोचतात, गावात सोडून सगळीकडे. आम्ही शेवटी असं केलं की मोजणीच्या दिवशी गावातले दोन जण टेप धरायला सोबत घ्यायचे आणि आकडा शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहायचा. तीन वर्षांचे बारा आकडे भिंतीवर आले तेव्हा सात विहिरींपैकी चार खाणीमुळे उतरल्या हे आमच्या भूगर्भशास्त्रज्ञाने मान्य केलं, आणि उरलेल्या तीन नाहीत हे गावाने मान्य केलं. त्यानंतर उपशाचं पाणी पाइपाने गावतळ्यात सोडण्याची चर्चा पहिल्यांदा शिव्यांशिवाय झाली.

पुढच्या आठवड्यात तुम्ही एकच काम करणार असाल तर हे करा. दोन कागद मिळवा. एक, तुमच्या खाणीची पर्यावरण मंजुरी, जिला सगळे ईसी म्हणतात. त्याची प्रत ग्रामपंचायतीला देणं बंधनकारक असतं, पण पंचायतीच्या कपाटात ती सापडेलच असं नाही. सोबत त्यातल्या अटी कशा पाळल्या याचा जो अनुपालन अहवाल कंपनी दर सहा महिन्यांनी पाठवते तो घ्या. दुसरा कागद जास्त मोलाचा, ही मंजुरी मिळण्याआधी झालेल्या जनसुनावणीचं इतिवृत्त. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीविषयक अधिसूचनेप्रमाणे ही सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी दर्जापर्यंतचे प्रतिनिधी असतात, सगळ्याचं चित्रीकरण होतं आणि इतिवृत्त स्थानिक भाषेत तिथेच वाचून दाखवायचं असतं. त्यात कंपनीच्या माणसाने काय काय कबूल केलं ते लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०२० पासून तर केंद्राने असं सांगितलंय की सुनावणीत दिलेल्या आश्वासनांचा समावेश पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यातच व्हावा. म्हणजे तेही पहिल्या पिशवीत गेलं.

आमच्याकडे एक गाव दर पावसाळ्याच्या तोंडाला रस्ता अडवायचं. कारण दरवर्षी वेगळं सांगायचे, कधी नोकरी, कधी धूळ, कधी देवळाचा सभामंडप. मी ते नऊ वर्षांपूर्वीचं इतिवृत्त धूळ झटकून वाचलं, तर त्यात एक ओळ सापडली. मातीच्या ढिगाऱ्याखाली जाणाऱ्या पाणंद रस्त्याऐवजी कंपनी दुसरा करून देईल. तो झालाच नव्हता. पलीकडच्या शिवारात जायला बैलगाडीला तीन-चार किलोमीटरचा फेरा पडत होता, आणि पेरणीच्या दिवसांत तो सगळ्यांत जास्त टोचायचा. मी ती ओळ घेऊन गावात गेले, तर एक आजोबा म्हणाले, "तुमच्या सायबानं माइक हातात घेऊन सांगतलं होतं. मी तिसऱ्या रांगेत होतो." तो साहेब तोवर दोन कंपन्या बदलून तिसरीकडे गेला होता. आमच्या कंपनीत कोणालाच ते आठवत नव्हतं, गावात मात्र रांगेसकट लक्षात होतं. रस्ता मुरूम टाकून झाला. ढिगाऱ्यांवर फिरणारी मशिनरी आमचीच होती, खर्च फारसा आलाच नाही. त्या गावाने पुढे कधीच रस्ता अडवला नाही असं नाही. पण पुढच्या वेळी आधी फोन आला.

त्यातून मी एक वही सुरू केली, कार्बन पेपरची. कोणीही काहीही कबूल केलं, अगदी महाव्यवस्थापकांनी गाडीतून उतरताना "बघू, करू" म्हटलं तरी, ते तारखेसह वहीत. गावाची प्रत्येक तक्रार वहीत, मराठीत, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, आणि फाडलेली पावती त्याच्या हातात. पंधरा दिवसांत उत्तर, आणि "नाही" हे उत्तर असलं तर तेही कारणासकट लेखी. आमचे साहेब लोक "नाही" लिहून द्यायला फार घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे. लेखी नकारावर माणूस भांडतो, अपील करतो, शेवटी सोडूनही देतो. "वर विचारतो" या उत्तरावर तो वर्षभर वाट बघतो आणि मग टिप्परसमोर येऊन बसतो.

ब्लास्टिंगबद्दल थोडक्यात, कारण धूळ संपली की तुमच्याकडे हेच येणार आहे. हादऱ्यांच्या मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात आहेत. गावातल्या साध्या घरांसाठी, कंपनांच्या वारंवारतेनुसार, सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटर. तुमचा ब्लास्टिंग अधिकारी सांगेल की आपण मर्यादेच्या आत आहोत, आणि बहुधा तो खरं बोलत असेल. पण यंत्र कुठे ठेवलं होतं ते विचारा. ते ज्या घराची तक्रार आहे त्या घराच्या ओट्यावर, घरमालकासमोर ठेवलं पाहिजे. आणि भिंतीच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरने चिकटवून तिच्यावर तारीख लिहून ठेवा. भेग वाढली तर काच तडकते. मातीच्या भिंती पावसाळा-उन्हाळ्यात तशाही हलतात, काळी माती तर विचारूच नका, म्हणून पट्टी तडकली की लगेच खाण दोषी असंही नसतं. पण मग निदान वाद पट्टीवर होतो, माणसावर होत नाही. वेळेचं मात्र कडक पाळा. रोज एकाच वेळी, भोंगा देऊन. गावात लग्न असेल, मयत असेल, दहावीचा पेपर असेल तर त्या दिवशी पुढे ढकला. यासाठी पैसा लागत नाही, फक्त तुम्हाला गावातलं लग्न आधी माहीत असावं लागतं.

जरा वेगळ्या माणसांकडे वळते, ज्यांच्याबद्दल तुमच्या प्रश्नात काहीच नाही. ज्यांचा सातबारा आहे त्यांना मोबदला मिळतो, कमी-जास्त म्हणून ते भांडतात, त्यांचं ऐकून घेतलं जातं. ज्यांचा सातबारा नाही, त्या शेतमजुरांचं, सालदारांचं, ढोरं चारणाऱ्यांचं, नदीवर मासे धरणाऱ्या ढिवरांचं कामच जमिनीसोबत जातं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या बाधित कुटुंबाच्या व्याख्येत अशा मजुरांना जागा आहे, तीन वर्षं त्या जमिनीवर उपजीविका असेल तर. पण ते सिद्ध करायला त्यांच्याकडे कागद कुठून येणार? मालक लिहून देत नाही, आणि दिलं तर आपला मोबदला कमी होईल या भीतीत असतो. सीएसआरचा पैसा खरा कामाला येतो तो या वस्तीत. ६० मशीनपैकी किती मशीन भूमिहीन घरांत गेली, एवढं तपासून बघा. माझ्या पहिल्या यादीत दोन होती. यादी सरपंचांच्या अंगणात बसून केली होती, सकाळी अकराला, जेव्हा मजुरी करणाऱ्या सगळ्या बाया वावरात असतात. ग्रामसभेचा ठराव, सह्या, शिक्का, सगळं नीट होतं.

तेव्हापासून मी बैठक संध्याकाळी सातनंतर घेते, टोल्यावर म्हणजे वस्तीवर, आणि पहिल्या दोन बैठकांना काहीच देऊ करत नाही. तिसरीत एखादी बाई बोलते. बऱ्याचदा दारूबद्दल बोलते, कारण मोबदल्याचा पैसा आला तशी गावात दुकानं आली आणि पैसा मुलाच्या खात्यात होता. मोबदल्याचं खातं नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर काढायला लावणं, ही मी २२ वर्षांत केलेली सगळ्यांत स्वस्त गोष्ट. ती सुचली मात्र उशिरा. तोवर एका गावात तीन बोलेरो आणि एक पडकी विहीर एवढंच उरलं होतं.

नोकरीचं काय, असं तुम्ही विचाराल. ही मागणी सगळ्यांत पुढे असते आणि इथे खोटं बोलायचा मोह सगळ्यांत जास्त. तुमच्या शेजारच्या वेकोलिच्या, म्हणजे कोल इंडियाच्या सरकारी कंपनीच्या खाणीत कोणाचा तरी मेहुणा कायम नोकरीत असणार. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दर दोन एकरांमागे एक नोकरी असा पर्याय आहे. तुमच्या खासगी खाणीत खोदकाम कंत्राटी, मशीन मोठी, माणसं थोडी. गावाच्या डोळ्यासमोर मेहुण्याचा पगार असतो, तुमच्या हातात सुरक्षारक्षकाच्या चार जागा. आकडा स्पष्ट सांगा. या वर्षी स्थानिकांसाठी इतक्या जागा, इतकं शिक्षण हवं, निवड अशी होईल, यादी पंचायतीच्या फलकावर लागेल. अवजड वाहनांचा परवाना काढून देणं, डोझर-एक्स्कॅव्हेटर चालवायचं प्रशिक्षण देणं, यावर सीएसआरचा पैसा लावा, पण आधी कंत्राटदाराकडून लेखी घ्या की शिकलेल्या पोरांना तो घेणार. मी एकदा हे आधी न करता ३० पोरं शिकवली. त्यातली बहुतेक पुण्याला गेली, चाकणला. त्यांचं भलं झालं, गावाचा राग तसाच राहिला.

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. खाण नवी असेल तर सगळं सोपं, जुनी असेल तर मागच्या चार अधिकाऱ्यांची उधारी तुमच्या अंगावर. गाव पुनर्वसनाच्या यादीत असेल तर तिथे नवीन समाजमंदिर बांधणं म्हणजे चेष्टा आहे. लोकांना हलवायचं कधी ते आधी सांगा. गाव अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रात असेल, राजुऱ्याकडची काही गावं आहेत, गडचिरोलीत तर पुष्कळ, तर ग्रामसभेचं वजन वेगळं. तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, वर २००६ चा वनहक्क कायदा. तिथे तुम्ही सरपंचांशी बोलून मोकळं होऊ शकत नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या खाणीबाबत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने विषय ग्रामसभांकडे पाठवला आणि बाराही ग्रामसभांनी त्या बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. अशा गावात शिबिरं आणि वाटप घेऊन जाऊ नका, ते लाच म्हणूनच वाचलं जातं, आणि मला वाटतं बरोबर वाचलं जातं.

आणखी एक अवलंबून असलेली गोष्ट म्हणजे खाणीचं आयुष्य. किती वर्षांचा कोळसा उरलाय ते विचारा. गोव्यात २०१२ साली आणि मग २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या आदेशाने लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांचे हप्ते थांबले नाहीत. शेतं आधीच गाळाने गेलेली. म्हणून गावातल्या पोरांना टिप्पर घ्यायला कंपनीने हमी द्यावी अशी मागणी आली, ती येतेच, तर मी हप्त्यांची वर्षं आणि कोळशाची वर्षं शेजारी शेजारी लिहून दाखवते.

आता तुमच्या व्यवस्थापकांबद्दल. त्यांना तुम्ही गावाकडे पाठवलेला माणूस वाटता, वाटप करणारा. उलट दिशेचं काम त्यांच्या लक्षात यायला वेळ लागेल. त्यांना एका दिवसाच्या बंद वाहतुकीचा खर्च पक्का माहीत असतो. दोन दिवसांचा आकडा घ्या, त्याशेजारी ताडपत्री, वाढीव टँकर आणि कापसाच्या भरपाईचा आकडा ठेवा. मी नैतिकतेवर बोलून कोणत्याही खाण व्यवस्थापकाचं मन वळवलेलं नाही, या पद्धतीने चौघांचं वळवलं. पाचव्याने माझी बदली केली. तेही होऊ शकतं, मनाची तयारी ठेवा.

आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानबद्दल गावाला सांगा. कित्येक सरपंचांना वाटतं की दवाखान्याची इमारत, नळयोजना असली मोठी कामं कंपनीच्या सीएसआरमधूनच होणार. खाणीने त्यासाठी जिल्ह्यात पैसा भरलेला आहे आणि ग्रामसभेला त्यासाठी प्रस्ताव देता येतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. तुमच्या वरिष्ठांना हे सांगितलेलं आवडेल की नाही, माहीत नाही. माझ्या एका साहेबांना आवडलं नव्हतं, त्यांना वाटायचं फीत आपल्याच हातून कापली गेली पाहिजे. मी प्रस्तावाचा नमुना ग्रामसेवकांना टाइप करून दिला आणि गप्प बसले.

यंदाच्या उपक्रमाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. शिलाई मशीनची दुसरी खेप मागवू नका. आधीच्यांपैकी किती चालू आहेत ते घरोघर जाऊन बघा, शिवणाऱ्या बायांना गणवेशाचं काम मिळवून देता येतं का बघा, बस. सीएसआरचं बाकीचं बजेट सहा महिने तसंच राहू द्या. वर्षाअखेर उरलेला पैसा चालू प्रकल्पाचा असेल तर तो ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतो, त्यामुळे मार्चमध्ये घाईने बाकं घ्यायची काही गरज नाही.

तुम्ही परत लिहाल तेव्हा दोन गोष्टी सांगा, म्हणजे मला पुढे काही नेमकं बोलता येईल. वाहतूक रस्त्यापासून पहिलं कपाशीचं शेत किती फुटांवर आहे? आणि ज्या दिवशी ते पोतं गेटसमोर ओतलं, त्या दिवशी गावाने काही लेखी निवेदन दिलं होतं का? दिलं असेल तर ते आत्ता कोणाच्या टेबलावर आहे ते शोधा.